बूस्ट गेज सगळ्यात शेवटी

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. मी रत्नागिरीत, घरी. आंबा संपत आलेला, हवेत ती पावसाआधीची चिकचिक, आणि नुसतं बसून राहिलं तर आई माळ्यावरची पातेली काढायला लावणार हे नक्की. अशा वेळी मित्राचा फोन येणं म्हणजे देव पावणं.

मित्र शाळेपासूनचा. आता कॉन्ट्रॅक्टर आहे, कुवारबावला ऑफिस, आणि ऑफिसखाली ताडपत्रीत गुंडाळलेली एक जुनी जर्मन सेडान. २००६ सालची, तिसऱ्या हाताची, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेली. पण सुपरचार्ज्ड! रत्नागिरीत सुपरचार्जर असलेली दुसरी गाडी मी तरी पाहिलेली नाही. त्यामुळे तो तिच्याबद्दल बोलतो ते घरातल्या हुशार मुलाबद्दल बोलल्यासारखं.

"अरे, गेज मागवलंय. बूस्टचं. सात रंग बदलतं. ये लगेच, वायरिंग करायचंय."

"मला काय कळतंय वायरिंगमधलं?"

"तू सॉफ्टवेअरवाला ना?"

सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटर, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन आणि आता गाडीचं वायरिंग, हे सगळं कळतं असा आपल्याकडे एक समज आहे. त्याच्याशी भांडायचं मी सोडून दिलंय. गेलो.

तर मंडळी, आजची पोस्ट गेजबद्दल. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते जाऊ शकतील: सुपरचार्ज्ड किंवा टर्बो गाडीत जास्तीची गेजेस जरूर लावा, पण बूस्ट गेज सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात. मीही केलं होतं, आणि त्याची फी भरली आहे. ती गोष्ट पुढे येतेच आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल. टर्बो आणि सुपरचार्जर दोघांचं काम एकच, सिलिंडरमध्ये हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर. म्हणून सुपरचार्जर टर्बोसारखा विचार करत बसत नाही. पाय दिला की लगेच हजर. ही आयडिया जुनी आहे. अमेरिकेत इंडियानामधल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये दोन पाकळ्यांच्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, आणि मर्सिडीजनं १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या. आज जो 'घुंईऽऽ' आवाज ऐकून माझा मित्र खूष होतो तो शंभर वर्षं जुना आहे.

आता बूस्ट गेज काय दाखवतं? ब्लोअरनंतरच्या हवेचा दाब, वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त ते. अर्धा बार म्हणजे साधारण ७ पीएसआय. सुपरचार्जरमध्ये हा दाब मुख्यतः पुलीच्या मापावर आणि इंजिनच्या फेऱ्यांवर ठरतो. म्हणजे फेऱ्या वाढल्या की काटा वर, पाय काढला की खाली. तुमच्या उजव्या पायाला जे आधीच माहीत आहे तेच काटा तुम्हाला परत सांगतो. पट्टा घसरायला लागला, होज फाटला किंवा एअर फिल्टर तुंबला तर काटा नेहमीएवढा चढत नाही, हा त्याचा खरा उपयोग. पण त्यासाठी सात रंग कशाला?

आणि हा काटा एक गोष्ट लपवतो. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं हे आपण सगळ्यांनी हाताला चटका बसून शिकलोय. इथंही तेच. मेमध्ये रत्नागिरीत ३५ अंशाची हवा आत घेतली आणि अर्धा बार दाबली, तर अगदी आदर्श कॉम्प्रेसर धरला तरी ती ७३ अंशांच्या आसपास जाते. रूट्स जातीच्या ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरा (तेवढीच धरावी), की हवा पोचली शंभरीजवळ. मग इंटरकूलर तिला थंड करणार, आणि इंटरकूलरला थंड करणार कोण, तर तीच ३५ अंशाची हवा. मारुती मंदिरच्या सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिलात तर तेही नाही. हवा गरम झाली की इंजिन आतल्या आत ठोकायला लागू नये म्हणून कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो, जोर कमी होतो. बूस्ट गेज मात्र तोच अर्धा बार दाखवत छाती काढून उभं. हे मी मित्राला गाडीतच करून दाखवलं. त्याच्या गाडीला डायग्नॉस्टिक सॉकेट होतं, माझ्या खिशात काही शे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल होता. आरे-वारेच्या चढावर सकाळी साडेसहाला एकदा आणि दुपारी शहरातल्या ट्रॅफिकमधून गेल्यावर एकदा. दुपारी आत जाणाऱ्या हवेचा आकडा एवढा चढलेला की त्यानंच फोन माझ्या हातातून घेतला.

"पण बूस्ट तेवढाच होता?"

"तेवढाच."

तो गप्प. कॉन्ट्रॅक्टर माणूस गप्प होणं ही दुर्मिळ घटना आहे :)

असो. आता फीची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक होती. कंपनी सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हतीच. नवीन नवीन पगार, पुण्यात एकट्यानं राहणं, रात्री फोरम वाचणं. तर पहिली गोष्ट काय केली असेल, तर बूस्ट गेज. डाव्या-उजव्याचा हिशोब करून पिलरवर, अगदी डोळ्यांसमोर. गाडीच्या स्वतःच्या मीटरमध्ये पाण्याच्या तापमानाचा एक छोटा काटा होता, तो कायम मधोमध. कायम म्हणजे कायम. जानेवारीत महाबळेश्वरला मधोमध, एप्रिलमध्ये कात्रजच्या जाममध्ये मधोमध. मला वाटायचं काय भारी इंजिन आहे!

मेमध्येच, बाबांना घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. त्यांची बायपास होऊन चार महिने झालेले, सकाळी अकराची तपासणीची वेळ. आई मागे, बाबा माझ्या शेजारी. हातखंबा, पाली, साखरपा सगळं मस्त. आंबा घाट सुरू झाला. पुढे उसाच्या... नाही, त्या दिवसांत ऊस नसतो, कसला तरी लोड भरलेला ट्रक होता, त्याच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये चढतोय. एका वळणावर पाण्याचा काटा मधल्या जागेवरून उठलेला दिसला. आयुष्यात पहिल्यांदा. मी एसी बंद केला, ट्रकला ओव्हरटेक केलं, म्हटलं हवा लागेल. आणि खरंच, दोन वळणांनी काटा खाली आला. मधोमध, मग त्याच्याही खाली.

"उतरलं," मी म्हणालो. खूप बरं वाटलं.

बाबा ते बघत होते. ते शाळामास्तर, गाडी कधी चालवली नाही. त्यांनी पिलरवरच्या गेजकडे बोट केलं. "आणि हे दुसरं घड्याळ काय सांगतंय?"

"ते पॉवर किती मिळतेय ते सांगतं, बाबा. पॉइंट आठ. एकदम नॉर्मल."

"मग बरं आहे की."

त्यानंतर साधारण किलोमीटरभर मी ती गाडी पूर्ण बूस्टवर चढवली. मग इंजिनातून खडखड, मग जोर गेला, मग धूर नाही तर वाफही फारशी नाही, नुसता तो गोडसर जळका वास. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा वरचा होज क्लॅम्पपाशी फाटलेला. पाणी खाली घाटातच कुठंतरी सांडलेलं. होज बदलायला हवाय हे सर्व्हिसच्या कागदावर लिहून आलं होतं. मी "पुढच्या वेळी" म्हणून सही केली होती. म्हणजे दोष कुणाचा ते सांगायला नको.

पण काटा खाली का आला? कारण तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच गेल्यावर तो हवेत लोंबकळतो. हवा धातूइतकी झटकन त्याला तापवत नाही. इंजिनाचं हेड भाजून निघत होतं आणि सेन्सर सांगत होता, इकडे सगळं थंड आहे. ज्या क्षणी मला हायसं वाटलं तोच क्षण इंजिन मरायला लागल्याचा होता. थांबलो असतो तर एक होज आणि पाच लिटर कूलंट. नाही थांबलो, तर हेड वाकलं, गॅस्केट गेलं, आणि बिलाचा आकडा मी बायकोला अजून खरा सांगितलेला नाही.

आमच्या धंद्यातही हे होतं हो. एकदा रिलीजच्या रात्री स्क्रीनवर एररचा आलेख चढत चढत गेला आणि अचानक शून्यावर आला. आम्ही चहा मागवला. अर्ध्या तासानं कळलं की लॉग पाठवणारा प्रोसेसच मेला होता. एरर शून्य नव्हत्या, बातमी शून्य होती. मॉनिटरिंगमध्ये 'काही नाही' आणि 'ठीक आहे' या दोन गोष्टी एकाच रंगात दाखवणं हा गुन्हा धरला पाहिजे.

याचं मोठं उदाहरण जगाला माहीत आहे. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्र. दाब सोडणारी एक झडप उघडली आणि उघडीच अडकली. कंट्रोल रूममधला दिवा मात्र विझला, म्हणजे बंद झाली असा समज. तो दिवा झडप बंद आहे का हे बघतच नव्हता. झडपेला 'बंद हो' असा हुकूम गेला एवढंच सांगत होता. तिथून पाणी निघून जात राहिलं, माणसांनी उलट आत येणारं पाणी कमी केलं, आणि अणुभट्टीचा गाभा अर्धा वितळला. हुकूम आणि हकीकत यांत फरक असतो हे सरकारी कचेरीत जाऊन आलेल्या कुठल्याही माणसाला कळतं, पण इंजिनिअरला विसर पडतो.

गाडीतल्या काट्यांचंही तसंच. आपल्याला वाटतं काटा हलतो म्हणजे मोजतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत पाण्याचा काटा ८० अंशांपासून पार १०५ च्या आसपासपर्यंत मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. थोडा हलला की गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला फोन करतं, म्हणून. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही. थंड असताना निळा दिवा, उकळलं की लाल. ऑइलचं तर बघायलाच नको. तो लाल ऑइलचा दिवा साधारण पाव ते अर्धा बार एवढाच दाब उरला की पेटतो. हायवेवर ३००० फेऱ्यांना तीन-चार बार लागत असताना अर्ध्या बारला दिवा पेटणं म्हणजे तेराव्याचं आमंत्रण. इंग्रजीत या दिव्यांना मूर्खांचे दिवे म्हणतात. मूर्ख कोण, दिवा की बघणारा, हे मोघम ठेवलंय.

आणि हे पूर्वी असं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, जिच्यावरून महिंद्रांनी आपल्याकडे जीप जुळवायला घेतली, तिच्या साध्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, अँपिअर आणि इंधन अशी चार गेजेस होती. साधा पत्रा, सीट म्हणजे शिक्षा, पण इंजिनची खबर पूर्ण. आज दहा इंची टचस्क्रीन आहे, त्यावर गाणं कुठल्या अल्बममधलं ते कळतं, ऑइल प्रेशर कळत नाही.

परत घाटात येऊ. ऊन चढत होतं, बाबांना सावली नाही, फोनला रेंज एक दांडी. तासाभरानं रत्नागिरी-कोल्हापूर एसटी आली. ड्रायव्हरनं न सांगता थांबवली, बाबांकडे एकदा बघितलं, आणि पुढची सीट रिकामी करायला लावली. मी त्यांच्यामागे दांड्याला धरून उभा. ड्रायव्हरनं हँडब्रेक सोडायच्या आधी एका काट्याकडे बघितलं. एवढंच. ब्रेकच्या हवेचा काटा. लहानपणी रत्नागिरी स्टँडवर पहाटेची गाडी सुरू केली की बराच वेळ बझर वाजत राहायचा आणि गाडी हलायची नाही, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. हवा भरल्याशिवाय ब्रेक नाही, ब्रेकशिवाय घाट नाही. त्या डॅशबोर्डवर निम्मी मीटरं बंद होती. स्पीडोमीटरही. पण तो एक काटा चालू होता, कारण त्या काट्याच्या बातमीवर तो माणूस गाडी हलवणार की नाही हे ठरवत होता.

गेजची माझी व्याख्या तिथं ठरली. ज्याचा काटा बघून तुम्ही गाडी थांबवाल ते गेज. बाकी सगळं देखावा.

(बाबांची तपासणी चार वाजता झाली. सगळं ठीक. डॉक्टरांनी विचारलं, प्रवासात काही त्रास? बाबा म्हणाले, "मला नाही, गाडीला.")

या व्याख्येनं मित्राच्या गाडीकडे बघू. बूस्ट चढला म्हणून तो कधी थांबणार आहे? उलट. मग काय लावायचं? माझा क्रम असा होता: पहिलं ऑइलचा दाब, दुसरं ऑइलचं तापमान. पाणी गेलं, पंप गेला, ऑइल कमी झालं, इंजिन तापलं, काहीही झालं तरी या दोघांपैकी एकजण ओरडतोच. ऑइल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की दाब पडतो. माझ्या गाडीत त्या दिवशी पाण्याच्या सेन्सरनं खोटी साक्ष दिली, पण ऑइलचा दाब पडलेला नक्की दिसला असता. एकाच गोष्टीची बातमी दोन वेगळ्या वाटांनी येऊ दे, म्हणजे एकजण खोटं बोलला तर दुसरा पकडतो. तिसरं, आत जाणाऱ्या हवेचं तापमान. ते सध्या डोंगलवर भागतंय. आणि मग उरलंच भोक तर बूस्ट.

मित्र कुरकुरला. "पण फोटोत काय दिसणार?"

"ऑइल प्रेशर दिसणार."

"ऑइल प्रेशर बघून कोण लाइक करणार, शिंच्या?"

मुद्दा बिनतोड होता. पण त्यानं मला घाटातली गोष्ट पूर्ण सांगायला लावली, बिलाच्या आकड्यासकट, आणि मग बूस्ट गेज मुकाट्यानं खोक्यात परत गेलं.

काम करायला मेस्त्री आले मिरकरवाड्याहून. त्यांचा मूळ धंदा ट्रॉलरची इंजिनं. एक जूनला मासेमारी बंद झाली की एकतीस जुलैपर्यंत बोटी किनाऱ्याला, आणि मग मेस्त्रींना जेवायला वेळ नसतो. म्हणून मेमध्येच पकडलं. ट्रकचीच डिझेल इंजिनं थोडा बदल करून बोटीत बसवतात, मात्र समुद्रात इंजिन बसलं तर एसटी येऊन उचलत नाही. मेस्त्रींनी माझं लेक्चर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, ते आकडे राहू दे. आधी नीट चालतंय तेव्हा काटा कुठं असतो ते बघून ठेवा. तांडेलाला आकडा वाचायला कुठं वेळ असतो? आम्ही काचेवर रंगाचा ठिपका मारतो. काटा ठिपक्यावर, म्हणजे चला."

मी गार. दहा वर्षं डॅशबोर्ड बनवणाऱ्या माणसाला बेसलाइन म्हणजे काय ते नेलपॉलिशच्या ठिपक्यात समजावलं त्यांनी. रेसिंगवाले असंच करतात: गेजच गोल फिरवून बसवतात, म्हणजे सगळं ठीक असताना प्रत्येक काटा बाराच्या ठोक्याला उभा. एक जरी वाकडा झाला तरी न वाचता कळतं.

बसवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण इथंच लोक घोळ घालतात. पिलरवर आम्ही काहीच लावलं नाही. त्याच्या गाडीच्या पिलरवर एअरबॅगचा शिक्का आहे. आतून पडद्याची एअरबॅग उघडणार आणि मध्ये तुमचा प्लॅस्टिकचा गेजचा डबा, म्हणजे तो डबा थेट तोंडावर. ॲश-ट्रेची जागा रिकामी होती (मित्रानं सिगारेट सोडली, हे त्या गाडीचं सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन), तिथं पत्र्याची पट्टी कापून बसवली. ऑइल प्रेशरचं जुन्या पद्धतीचं यांत्रिक गेज घ्यायचं नाही. १८४९ मध्ये फ्रान्सच्या बूर्दोंनं पेटंट घेतलेली ती वाकडी नळी आजही उत्तम मोजते, पण तिच्यासाठी गरम ऑइलची बारीक नळी तुमच्या गुडघ्यापर्यंत आणावी लागते. ती फुटली तर? इलेक्ट्रिक सेंडर घ्यावा. इंजिनातून दाबाचं कनेक्शन काढणं हे खरं कसबाचं काम, ते मेस्त्रींनी केलं. मी टॉर्च धरली.

वायरिंगमध्ये मात्र मी कामाला आलो. पहिल्यांदा सुरू केलं तर ऑइल प्रेशरचा काटा वेड्यासारखा नाचतोय. मेस्त्री म्हणाले सेंडर खराब. मी म्हटलं थांबा. सेंडरला एकच वायर होती, म्हणजे अर्थिंग त्याच्या आट्यांमधून इंजिनला मिळणार. आणि गळू नये म्हणून आट्यांवर नळकामवाली पांढरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळलेली! टेप काढली, बेतानं सीलंट लावलं, काटा शहाण्यासारखा बसला. सॉफ्टवेअरवाल्याची इज्जत राहिली. बाकी, कोकणात खारी हवा. तांब्याला महिन्यात हिरवं चढतं. प्रत्येक जोडावर स्लीव्ह, पत्र्यातून जाताना रबरी बूच, वेगळा फ्यूज. आणि उंदीर. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर वायरी खातात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मांजर पाळा.

पण लावलेलं गेज खरं बोलतंय कशावरून? बाजारात एकाच डब्यातून निघालेली दहा नावांची गेजेस मिळतात. म्हणून बसवण्याआधीच ऑइल तापमानाचा सेंडर आम्ही मित्राच्या स्वयंपाकघरात उकळला. वहिनींनी चहाचं भांडं द्यायला साफ नकार दिला, मग एक जुनं टोप मिळालं. सेंडर उकळत्या पाण्यात, गेज ओट्यावर जुन्या बॅटरीला जोडलेलं. रत्नागिरी समुद्रसपाटीला असल्याचा हा फायदा: पाणी शंभरला उकळतं, हिशोब करावा लागत नाही. (आंब्याला हीच टेस्ट केलीत तर दोनेक अंश कमी धरा.) काटा १०४ वर गेला. म्हणजे चार अंश जास्त दाखवतो. चालेल, माहीत असलेली चूक ही चूक नसते. दाबाचा सेंडर हवेच्या पंपाला लावून टायरच्या गेजशी ताडून बघितला. अर्धा तास गेला. हा अर्धा तास कुणी देत नाही आणि मग वर्षभर काट्यावर विश्वास ठेवतात.

कायद्याचं विचाराल तर: जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत. दोन गेजांनी आरसीवरचं एक अक्षर बदलत नाही. छोटी पुली घालून बूस्ट वाढवणं हा वेगळा मामला, तिकडे मी मित्राला जाऊ देणार नाही. आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायरी कापूच नका, २०१३ नंतरच्या गाडीला डोंगल लावा आणि गप्प बसा. ऑइलचा दाब त्यात बहुतेक दिसणार नाही, तेवढं लक्षात ठेवा.

रविवारी संध्याकाळी भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत चक्कर मारली. इंजिन पूर्ण गरम, गाडी उभी, फेऱ्या ८००. मित्रानं वहिनींचं लाल नेलपॉलिश काढलं (यावेळी विचारून) आणि दोन्ही काचांवर एकेक ठिपका मारला. मग हायवेच्या वेगाला दुसरा ठिपका. येताना त्यानं एकदाही घुंईऽऽ केलं नाही. सारखं खाली बघत होता.

"समोर बघ," मी म्हणालो.

"ठिपक्यावर आहे," तो म्हणाला.

पट्टीला मेस्त्रींनी तीन भोकं पाडली होती. तिसरं अजून रिकामं आहे. परवा त्यानं फोटो पाठवला, त्यात सध्या गणपतीची छोटी मूर्ती बसवली आहे. अगदी मापात बसली म्हणतो.